पोरांना क्रिकेट, पोरींना रांगोळी: हे जन्माचं की वळणाचं?

२ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या महिला संघानं दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून एकदिवसीय विश्वचषक जिंकला. सलामीला उतरणारी स्मृती मानधना सांगलीत वाढलेली, त्यामुळे आपल्याकडे या विजयाची चर्चा जरा जास्तच रंगली. त्या चर्चेत दोन ठाम मतं हमखास ऐकू येतात. एक म्हणजे, "पोरींना संधी दिली की झालं, बाकी सगळं घरच्यांनी लादलेलं असतं." दुसरं, "अशी एखादीच निघते. बाकीच्यांना मैदानाची ओढ मुळातच कमी, निसर्गच तसा आहे."

दोन्ही मतांत तथ्य आहे आणि दोन्ही ताणली की पोरांचं नुकसान करतात. सुट्टीतल्या शिबिराची फी कुणाची भरायची, सायकल आधी कुणाला घ्यायची, शाळेचं मैदान चार ते पाच कुणाच्या ताब्यात द्यायचं, मुलाला शिवणक्लासला घालायचं का, हे सगळं घरोघरी याच समजुतीवर ठरतं. त्यामुळे संशोधनातून पक्कं काय हाती आलंय आणि कशावर अजून वाद आहे, ते नीट बघायला हवं.

फरक आहे, पण किती?

आवडीनिवडींच्या प्रश्नावल्यांचा एक फार मोठा आढावा २००९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. रोंग सू, जेम्स राउंड्स आणि पॅट्रिक आर्मस्ट्राँग यांनी पाच लाखांहून जास्त लोकांची उत्तरं एकत्र केली. सगळ्यात ठळक फरक एका ठिकाणी दिसला: वस्तूंत रमणं आणि माणसांत रमणं. यंत्र उघडून बघणं, काहीतरी जोडणं-दुरुस्त करणं याकडे पुरुषांचा कल जास्त. शिकवणं, सांभाळणं, माणसांशी बोलणं याकडे बायकांचा.

मानसशास्त्राच्या हिशेबात हा फरक मोठाच म्हणतात. मात्र तो डोळ्यांसमोर आणून बघा. कुठलाही एक पुरुष आणि कुठलीही एक बाई अशा शंभर जोड्या घेतल्या, तर साधारण ७५ जोड्यांत वस्तूंची ओढ पुरुषाला जास्त निघेल आणि २५ जोड्यांत बाईला. दोघांचे आलेख एकावर एक ठेवले तर जवळपास ६४ टक्के भाग एकमेकांवर बसतो. म्हणजे नुसतं बाई-पुरुष बघून "याला पाना-पकड जास्त आवडेल" असा अंदाज बांधणारा चारात एकदा चुकणारच. हा झाला मोठ्या फरकांपैकी एक. जॅनेट हाइड यांनी २००५ मध्ये असे ४६ आढावे एकत्र तपासले, तेव्हा क्षमता, स्वभाव, वागणूक यांतल्या फरकांपैकी ७८ टक्के फरक अगदी लहान किंवा जवळजवळ शून्य निघाले.

शिवाय हे आकडे फक्त फरक आहे एवढंच सांगतात. तो कुठून आला, याबद्दल ते काहीच बोलत नाहीत. गडबड होते ती इथेच. फरक मोजला गेला की लोक तो जन्मजात धरून चालतात.

"किती टक्के निसर्ग?" हा प्रश्नच का फसतो

जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांतून असं दिसतं, की आवडीनिवडींतल्या माणसामाणसांमधल्या फरकाचा बराच वाटा अनुवंशिक असतो. अनुवंशिक म्हणजे आईबापांकडून जनुकांतून आलेला. हे वाचून लगेच निष्कर्ष काढला जातो: मग मुलगा-मुलगी यांच्यातला फरकही जनुकांचाच असणार. हा निष्कर्ष चूक आहे, आणि का ते ऊस लावणाऱ्याला पटकन कळेल.

चार-पाच जातींचं बेणं मिसळून घ्या. अर्धं लावा चांगल्या निचऱ्याच्या काळ्या रानात, अर्धं लावा कृष्णाकाठच्या क्षारपड झालेल्या रानात. खत-पाणी दोन्हीकडे तेच. काळ्या रानात एक ऊस जाड, एक बारीक दिसेल. तो फरक मुख्यतः जातीचा. क्षारपड रानातही आपापसांत जातीनुसार फरक दिसेल. पण दोन रानांच्या एकरी टनांत जी दरी पडेल, ती सगळी जमिनीची असेल, कारण बेणं दोन्हीकडे सारखंच मिसळलेलं होतं. एकेका रानातला फरक बेण्याचा आहे म्हणून दोन रानांमधला फरकही बेण्याचा ठरत नाही. मुलगे एका रानात आणि मुली दुसऱ्या रानात वाढत असतील, तर जुळ्यांच्या अभ्यासावरून दोघांमधल्या दरीचं कारण काढता येत नाही.

आणखी एक गोष्ट. फलटण तालुक्यातल्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रातून आलेली फुले २६५ ही जात क्षारपड जमिनीतही बऱ्यापैकी तग धरते. दुसरी एखादी जात त्याच रानात पिवळी पडते. मग उत्पन्नातला किती टक्के वाटा बेण्याचा आणि किती जमिनीचा? याला एकच आकडा देता येत नाही. कुठलं बेणं कुठल्या रानात पडलं, त्यावर ते ठरतं. माणसाच्या आवडींचंही असंच आहे, आणि पुढे येणारा एक प्रयोग हे अगदी स्पष्ट दाखवतो.

निसर्गाच्या बाजूनं काय पुरावा आहे?

पुरावा आहे, आणि तो नाकारू नये. यातला वजनदार भाग एका आजारातून आला. आपल्या मूत्रपिंडांवर बसलेल्या छोट्या ग्रंथींमध्ये काही मुलींत जन्मतः एक विकर कमी असतं. त्यामुळे आईच्या पोटात असतानाच त्यांच्या शरीरात पुरुषी हार्मोन जास्त तयार होतात. हार्मोन म्हणजे ग्रंथींतून रक्तात सुटणारा, शरीराला निरोप पोचवणारा रासायनिक पदार्थ. साधारण दहा ते वीस हजार जन्मांमागे एका बाळाला हा आजार असतो. जन्मानंतर औषध सुरू होतं, मुलीला मुलगी म्हणूनच वाढवलं जातं; वेगळेपण असतं ते मुख्यतः पोटातल्या महिन्यांचं.

शेरी बेरेनबाउम आणि मेलिसा हाइन्स यांनी १९९२ मध्ये अशा तीन ते आठ वर्षांच्या मुलींसमोर खेळणी ठेवली. त्या आपल्या नात्यातल्या निरोगी मुलींपेक्षा गाड्या आणि ठोकळ्यांशी जास्त वेळ खेळल्या. आईबापच तसं वळण लावत असतील अशी शंका होती. २००५ च्या एका अभ्यासात उलटंच दिसलं: आईबाप या मुलींना 'मुलींच्या' खेळण्यांकडे अधिकच वळवत होते, तरी त्या गाड्यांकडे जात होत्या. पोटातल्या हार्मोनांचा खेळण्याच्या आवडीवर काही परिणाम होतो, असं म्हणायला हा आधार पुरेसा भक्कम आहे.

मग २०१६ मध्ये हाइन्स आणि सहकाऱ्यांनी आणखी खोलात जाऊन बघितलं. काही वस्तू घेतल्या, ज्यांचा मुलगा-मुलगी असा कुठलाच संबंध नव्हता. मुलांना सांगितलं, "ही मुलींची, ही मुलांची." एरवीच्या मुली 'मुलींची' म्हणून सांगितलेल्या वस्तूकडे झुकल्या. हा आजार असलेल्या मुली त्या सांगण्याकडे तेवढ्या झुकल्या नाहीत. म्हणजे पोटातल्या हार्मोननं त्यांच्या मनात गाडीच तेवढी पेरली असं नाही. "मुलींनी असं करायचं असतं" हा बाहेरचा निरोप किती मनावर घ्यायचा, हेही त्यानं बदललं. निसर्ग इथे संस्काराच्या हातानंच काम करतोय. आता यातला किती वाटा कुणाचा, हे वेगळं काढून दाखवता येईल का?

माकडांच्या प्रयोगांचा दाखला वारंवार दिला जातो, म्हणून थोडक्यात. २००८ मध्ये ऱ्हीसस माकडांना चाकाची आणि मऊ कापडी खेळणी दिली. नरांनी चाकाची खेळणी जास्त पसंत केली. माद्या दोन्हींशी खेळल्या. ही नोंद घ्यावी अशी गोष्ट आहे. पण २००२ च्या दुसऱ्या एका जातीच्या माकडांवरच्या प्रयोगात 'मादीच्या खेळण्यां'मध्ये स्वयंपाकाचं भांडं धरलं होतं. माकडीणीला भांडं म्हणजे काय हे ठाऊक असण्याचं कारण नाही, तेव्हा ती रंगाकडे गेली की आकाराकडे, हे त्यातून सांगता येत नाही.

"आम्ही दोघांना सारखंच वाढवलं, तरी पोरगं गाडीच उचलतं"

हा आक्षेप प्रामाणिक असतो. आणि गंमत म्हणजे संशोधनही आईबापांना बरंचसं दुजोरा देतं. १९९१ मध्ये लिटन आणि रोमनी यांनी १७२ अभ्यास एकत्र केले. माया, शिस्त, बोलणं, अभ्यासाचा आग्रह, यांत आईबाप मुलगा-मुलगी असा फारसा भेद करत नाहीत असं आढळलं. ठळक भेद एकाच बाबतीत होता: मुलानं 'मुलांचे' आणि मुलीनं 'मुलींचे' खेळ खेळावेत, याला मिळणारं उत्तेजन. छंदांबद्दल बोलायचं तर नेमकी हीच बाब महत्त्वाची.

शिवाय आपण भेद करतोय हे आपल्याला बहुतेक वेळा कळतच नाही. न्यूयॉर्कमध्ये २००० मध्ये झालेला एक प्रयोग फार बोलका आहे. अकरा महिन्यांच्या रांगत्या बाळांच्या आयांना एक उतरता फळा दाखवला. त्याचा उतार कमी-जास्त करता येत होता. "तुमचं बाळ केवढ्या उतारावरून खाली येईल?" असं विचारलं. मुलांच्या आयांनी जास्त उतार सांगितला, मुलींच्या आयांनी कमी. मग बाळांना सोडलं. मुलं आणि मुली यांच्या रांगण्यात फरक निघाला नाही. आता हाच अंदाज वर्षानुवर्षं रोज लागू करा: गच्चीचा जिना, चिंचेचं झाड, विहिरीवरचं पोहणं, घाटातली सायकल. "जपून", "पडशील", "तू राहू दे, दादा काढेल." दहाव्या वर्षापर्यंत एकाच्या अंगात हजारो वेळा पडून उठण्याचा सराव असतो आणि दुसरीच्या अंगात भीती.

घराबाहेरचं वेगळंच. साधारण दोन-तीन वर्षांचं मूल स्वतःला मुलगा किंवा मुलगी म्हणून ओळखू लागतं, आणि लगेच "आपल्यातले काय करतात?" याचा शोध सुरू करतं. गुलाबी रंगाचंच घ्या. सात महिने ते पाच वर्षांच्या मुलांवरच्या २०११ च्या अभ्यासात अगदी लहान वयात मुलींना गुलाबीची वेगळी ओढ दिसली नाही. ती दोन-अडीच वर्षांच्या सुमाराला दिसू लागली, आणि त्याच काळात मुलगे गुलाबी टाळू लागले. तुम्ही घरात काही शिकवलं नसेल, पण अंगणवाडी, वाढदिवसाची भेट, दुकानातला खेळण्यांचा कप्पा, मामाच्या घरची भावंडं हे सगळे शिकवत असतात. पाच-सहा वर्षांचं मूल या बाबतीत आजीपेक्षाही कडक असतं. पुढे ते थोडं सैल होतं, सैल होऊ दिलं तर.

अंगाचा फरक आणि हातातलं साधन

मुलगा-मुलगी यांच्या अंगात फरक आहे, तो मान्य करून चाललं पाहिजे. वयात येईपर्यंत ताकदीत फार अंतर नसतं. बारा-तेराच्या पुढे मुलांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन वाढतं, स्नायू भरतात, उंची वाढते. सर्वोच्च पातळीवरच्या धावण्यात बायका-पुरुषांच्या वेळांत साधारण १० ते १२ टक्के अंतर राहतं. आवाजाचंही तसंच. मिरजेचे तंतुवाद्य कारागीर पिढ्यानपिढ्या पुरुष गायकासाठी मोठ्या भोपळ्याचा, खालच्या स्वराचा तानपुरा करतात आणि गायिकेसाठी लहान, वरच्या स्वराचा. गळा वेगळा म्हणून वाद्य वेगळं केलं. गाणं कुणाचं, हा प्रश्न त्यातून निघाला नाही.

गल्लीतल्या मैदानावर मात्र आपण असं करत नाही. क्रिकेटच्या नियमांत पुरुषांच्या चेंडूचं वजन १५६ ते १६३ ग्रॅम, महिलांच्या चेंडूचं १४० ते १५१ ग्रॅम आणि तेरा वर्षांखालच्या मुलांच्या चेंडूचं १३३ ते १४४ ग्रॅम ठरलेलं आहे. भालाफेकीत पुरुषांचा भाला ८०० ग्रॅमचा, महिलांचा ६०० ग्रॅमचा. गल्लीत काय होतं? भाऊ मोठा झाला की त्याची जुनी बॅट बहिणीकडे येते. ती तिच्या कमरेच्याही वर येते आणि जड असते. बॅट मागे नेताना वरच्या हाताला ती पेलत नाही, म्हणून खालचा हात सगळा जोर लावतो, पातं आडवं येतं, चेंडू कड घेऊन हवेत जातो. दोन-चार वेळा बाद, मग मनगट दुखायला लागतं, आठवड्याभरात पोरगी कठड्यावर बसून बघते. घरचे म्हणतात, "बघितलं? तिला गोडीच नाही."

बॅट तपासायची रीत सोपी आहे. बूट घालून सरळ उभं राहायचं, बॅट पायाला लागून जमिनीवर टेकवायची. मुठीचं टोक मांडीच्या सांध्याशी, फार तर किंचित वर यावं. मग फक्त वरच्या हातानं बॅट समोर आडवी धरायची. दहा आकडे मोजेपर्यंत टोक खाली झुकलं तर ती जड आहे. मुलगा असो वा मुलगी, तपासणी हीच.

अंगाच्या ताकदीचा संबंध कमी असलेल्या खेळांत काय दिसतं? ५ ऑगस्ट २०२३ ला बर्लिनमध्ये जागतिक तिरंदाजी स्पर्धेत कंपाउंड (टोकांना चाकं असलेल्या धनुष्याच्या) प्रकारात साताऱ्याची अदिती स्वामी वयाच्या १७ व्या वर्षी जगज्जेती झाली. त्याच दिवशी पुरुषांच्या गटात जिंकलेला नागपूरचा ओजस देवतळे साताऱ्याच्याच प्रशिक्षण केंद्रात घडलेला. या प्रकारात बायका आणि पुरुष दोघंही ५० मीटरवरूनच नेम धरतात.

"वेळ काढला की मिळतो, आवड असेल तर"

केंद्र सरकारच्या सांख्यिकी विभागानं २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. सहा वर्षांच्या वरच्या माणसांनी पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशीच्या पहाटे चारपर्यंत काय काय केलं, ते अर्ध्या-अर्ध्या तासाच्या रकान्यांत नोंदवलं. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका ८१.२ टक्के निघाल्या, पुरुष २६.१ टक्के. जे करतात त्यांचा दिवसाचा सरासरी वेळ: बायका २९९ मिनिटं, पुरुष ९७ मिनिटं. अंतर तीन तास बावीस मिनिटांचं.

आता छंदांची यादी या चष्म्यातून बघा. बायकांचे म्हणून समजले जाणारे छंद कुठले? विणकाम, भरतकाम, रांगोळी, कुंड्यांतली झाडं, टीव्हीसमोर बसून करायचं काहीतरी. या सगळ्यांत एक गुण समान आहे: मध्येच सोडून उठता येतं. कुकरची शिट्टी झाली, सासूबाईंनी हाक मारली, पोर रडलं, तरी सुई तिथेच राहते आणि परत आल्यावर पुढचा टाका घालता येतो. पुरुषांचे छंद बघा. मासेमारी, बैलगाडी शर्यत, किल्ल्यांवरची भटकंती, क्रिकेटचा अख्खा रविवार, तालमीतला पहाटेचा जोर. यांना सलग दोन तास ते अख्खा दिवस लागतो, घरापासून लांब जावं लागतं, आणि परत येईपर्यंत कुणीतरी घर सांभाळणारं लागतं. विणकामाची ओढ जनुकांत शोधण्याआधी हा हिशेब मांडायला हवा. माझं मत विचाराल, तर आपल्या भागातल्या मोठ्या माणसांच्या छंदांमधला फरक समजून घ्यायला वेळेचा हा एक मुद्दा बाकी सगळ्यांपेक्षा जास्त उपयोगी आहे.

यादी बदलत कशी गेली

निसर्ग दोन पिढ्यांत बदलत नाही. त्यामुळे जे दोन पिढ्यांत बदललं, ते मुख्यतः परिस्थितीचं.

नटण्यासजण्याची हौस बायकांची, असं आपण म्हणतो. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी मराठी रंगभूमी उभी केली, त्यानंतर कित्येक दशकं स्त्रीभूमिका पुरुषांनीच केल्या. बालगंधर्वांचं लुगडं नेसणं, दागिन्यांची निवड, केशरचना बघून घरंदाज बायका तशी फॅशन करत. घरी शिवणकाम, स्वयंपाक बायकांचं काम, पण बाजारपेठेतला शिंपी, लग्नातला आचारी आणि हलवाई पुरुष. हात तेच, मशीन तेच, कढई तीच. पैसे आणि मान मिळायला लागला की कामाचं लिंग बदलतं.

कुस्तीत महाराष्ट्र केसरीचा किताब १९६१ पासून आहे. महिलांसाठी पहिली महाराष्ट्र केसरी झाली २०२३ मध्ये, सांगलीत, आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावली, दहावी आली. पुरुषांची ही शर्यत ऑलिंपिकमध्ये १९२० पासून आहे. महिलांची सुरू झाली २००८ मध्ये. त्याआधीच्या पिढीतली मुलगी "मला ही शर्यत आवडते" असं म्हणणार तरी कुठून?

संगणकाचं उदाहरण उलट्या दिशेचं आहे. अमेरिकेत १९८४ च्या सुमारास संगणकशास्त्राच्या पदवीधरांत ३७ टक्के मुली होत्या. नंतर हा आकडा घसरत विशीच्याही खाली गेला. त्याच काळात घरगुती संगणक मुलांचं खेळणं म्हणून विकले गेले, आणि कॉलेजात येणारे मुलगे आधीच सराव करून येऊ लागले. कार्नेगी मेलन विद्यापीठानं १९९५ नंतर प्रवेशाचे निकष आणि पहिल्या वर्षाची रचना बदलली, नवख्यांसाठी वेगळी सुरुवात ठेवली. मुलींचं प्रमाण पाच वर्षांत ७ वरून ४२ टक्क्यांवर गेलं.

एक पुरावा आपल्याच देशातला. ईशान्येकडे खासी समाजात वारसा आईकडून मुलीकडे जातो. शेजारच्या कार्बी समाजात बापाकडून मुलाकडे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन्हीकडच्या जवळपास १,३०० लोकांना घोड्याच्या चित्राचं चार तुकड्यांचं कोडं जोडायला दिलं. कार्बींमध्ये पुरुष ३६ टक्के वेगानं पुढे होते. खासींमध्ये अंतर उरलंच नाही.

"मग युरोपात एवढी समानता असून फरक का टिकतो?"

या वादातला हा सगळ्यात कठीण प्रश्न, आणि तो टाळून चालणार नाही. २०१८ मध्ये स्टूट आणि गिअरी यांनी मांडलं, की समानता जास्त असलेल्या देशांत विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदव्यांत मुलींचा वाटा कमी दिसतो. त्याच वर्षी फॉक आणि हर्म्ले यांनी ७६ देशांच्या माहितीवरून दाखवलं, की श्रीमंत आणि समान देशांत जोखीम, संयम, परोपकार यांबाबतच्या पसंतींमध्ये बायका-पुरुषांतलं अंतर वाढतं. यातून काहींनी सरळ अर्थ काढला: बंधनं गेली की निसर्ग वर येतो.

तो अर्थ एवढा सरळ नाही. पहिल्या अभ्यासातल्या आकडेमोडीवर आक्षेप आले आणि पुढच्या वर्षी त्यात दुरुस्ती प्रसिद्ध करावी लागली. दुसरं म्हणजे गरीब देशात मुलगी इंजिनिअरिंग घेते तेव्हा ती आवडीपेक्षा नोकरी बघते. आपल्या भागात दहावीनंतरच्या घरातल्या बैठका आठवा. श्रीमंत देशात पोट भरण्याची चिंता कमी, म्हणून मनाजोगतं निवडता येतं, पण ते मन लहानपणापासून बघितलेल्या जाहिराती, मैत्रिणी आणि मालिकांतूनच घडलेलं असतं. तरीही वस्तू-माणसं हा कल सगळा धुऊन निघेल असं मला वाटत नाही. सगळी साधनं, वेळ, मोकळीक सारखी दिली तरी सरासरीत थोडा फरक उरेल, आणि उरला तर त्यात काही वाईट नाही.

बुद्धिबळात लोक असाच जन्मजात फरक बघतात. जर्मनीतल्या सव्वा लाखाच्या आसपास नोंदणीकृत खेळाडूंच्या २००९ मधल्या अभ्यासात पहिल्या शंभर पुरुष आणि शंभर महिलांच्या गुणांकनातल्या अंतरापैकी ९६ टक्के अंतर फक्त खेळाडूंच्या संख्येतून समजावता आलं: महिला एक असेल तर पुरुष सोळा. या हिशेबावर पुढे वाद झाला, पण मूळ मुद्दा टिकून आहे. सांगलीला बुद्धिबळाची जुनी परंपरा, तिथूनच स्वाती घाटे महिला ग्रँडमास्टर झाल्या. पटावर बसणाऱ्या मुली वाढल्याशिवाय वरच्या पायरीवर त्या किती पोचतील हे कळायचं नाही.

शाळेत किंवा घरात पडताळा कसा घ्यायचा

शाळेच्या फलकावर "मुलांसाठी क्रिकेट, मुलींसाठी रांगोळी व मेंदी" असं लिहिलेलं असेल तर पहिल्यांदा ते पुसा. सगळे प्रकार एका खाली एक लिहा आणि प्रत्येकाकडून तीन पसंतींची चिठ्ठी घ्या. हात वर करायला सांगू नका. पोरं आधी शेजारी कोण हात वर करतंय ते बघतात, आणि मग तुम्हाला वर्गाची आवड कळते, मुलाची नाही.

मुलीसाठी पहिली अडचण वेळेची. आठवडाभर अर्ध्या तासाच्या रकान्यांत भाऊ-बहीण दोघांचा दिवस लिहा, सरकारी पाहणीसारखाच. तिचं घरकाम कमी न करता सराव ठेवला तर ती तिसऱ्या आठवड्यात दमून सोडते. काम पुढे ढकलू नका, भावाकडे द्या. सरावाची वेळ अंधार पडायच्या आधी संपेल अशी हवी, नाहीतर नेणं-आणणं कुणी करायचं यावरून सगळं मोडतं. मैदानाजवळ वापरता येईल असं स्वच्छतागृह नसेल, तर मुली पाणी पिणं टाळतात आणि उन्हात चक्कर येते. दुसरी अडचण सोबतीची. वीस मुलांत एकच मुलगी घातली तर तिची प्रत्येक चूक सगळ्यांच्या लक्षात राहते; चौघी-पाचजणी एकदम घ्या. तिसरी, गट पाडायची रीत. मुलगे-मुली असे गट न करता आधी खेळलेले आणि कधीच न खेळलेले असे करा. नवख्यांत काही मुलगेही निघतील, आणि त्यांना त्यानं हायसं वाटेल.

मुलाची अडचण वेगळी आहे आणि तिच्याकडे आपण फार दुर्लक्ष करतो. मुलगी क्रिकेट खेळली तर आता कौतुक होतं. मुलगा भरतकाम किंवा नाच शिकायला गेला तर त्याची टर उडवली जाते, आणि बऱ्याचदा सुरुवात वडिलांपासून होते. शिवण शिकवायचं तर पहिले दोन तास दोरा न ओवता ओळी आखलेल्या वहीच्या कागदावर सरळ शिलाई मारायला द्या. पाय आणि हात यांचा मेळ तिथे बसतो, कापड वाया जात नाही. मग स्वतःची दप्तरातली डब्याची पिशवी शिवू द्या. शक्य असेल तर बाजारपेठेतला एखादा अनुभवी टेलर शिकवायला बोलवा. पहिल्याच आठवड्यात ब्लाउज कापायला दिला तर मुलगे हसण्यावारी नेतात आणि दोघं-तिघं जे खरंच शिकायला आलेले असतात, तेही निघून जातात.

आठ आठवड्यांनी पुन्हा चिठ्ठ्या घ्या, पहिली चिठ्ठी न दाखवता. वीस-पंचवीस मुलांच्या चिठ्ठ्यांवरून "मुलींना अमुक आवडतं" असा निकाल लावू नका, संख्या फार लहान आहे. ज्या मुलीनं पहिल्यांदा क्रिकेट लिहिलं नव्हतं आणि आता लिहिलंय, तिच्यासाठी पुढच्या सत्रात योग्य मापाची बॅट आणा. जिनं आठ आठवडे मनापासून खेळून पुन्हा रांगोळीच लिहिली, तिला रांगोळीचे रंग आणि तितकाच सलग वेळ द्या.